540 कॅलरींचे रसग्रहण

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचे नाव निघाले की जाणकारांना केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आठवते. अशा मंदिराच्या भिंतीपुढे उभे राहून माणसे शिल्पे वाचतात. मान कुठे कलली आहे, हात कुठे टेकला आहे, शिल्पकाराने दगडात काय ठेवले आणि काय काढून टाकले, हे निरखतात. याच गावातल्या एखाद्या घरात मे महिन्यात डोकावले तर तिवईवर माठ, खिडकीत कूलर, गॅसवर कुकर आणि भिंतीला लागून फ्रीज दिसेल. त्यांच्यापुढे थांबून कोणी काही वाचत नाही. वस्तू चालते तोवर तिच्याकडे बघायचे नाही आणि बिघडली की कारागिराला बोलवायचे, असा आपला रिवाज आहे.

हे रसग्रहण त्या चार वस्तूंचे आहे. वस्तू चार असल्या तरी त्यांच्यामागचा मजकूर एक आहे, आणि तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उष्णता’ या धड्यात येतो. 1 ग्रॅम उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायला 540 कॅलरी उष्णता लागते. याला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. विद्यार्थी हा आकडा पाठ करतो, उदाहरणात घालतो, गुण मिळवतो आणि विसरतो. मराठीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण लिहिताना आशय सांगावा लागतो, सौंदर्य दाखवावे लागते, रचनेबद्दल बोलावे लागते. विज्ञानाच्या पेपरात 540 या आकड्याबद्दल असे काही कोणी विचारत नाही.

आधी आशय पाहू. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला 1 कॅलरी लागते. म्हणजे बर्फासारखे गार, शून्य अंशाचे पाणी उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी पुरतात. तिथून पुढे मात्र वेगळेच घडते. खाली आच चालू असते, पातेल्यात उष्णता जात असते, आणि तापमापी 100 वर थबकलेली असते. आणखी 540 कॅलरी आत जातात आणि पारा एका रेषेनेही वर सरकत नाही. आधीच्या साऱ्या प्रवासाच्या साडेपाचपट उष्णता जाते, तरी तिची खूण कुठे दिसत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवून एकेका रेणूला मोकळे करण्यात ही उष्णता खर्ची पडते. ती नष्ट होत नाही, वाफेत मुक्कामाला असते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की तेवढीच्या तेवढी बाहेर येते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो. पाणी नुसती आपली ऊब देते, वाफ मात्र त्वचेवर पाणी होताना आपली सगळी ठेव आधी तिथे मोकळी करते.

ग्लासगोत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने 1760 च्या दशकात हे ओळखले. त्याचा युक्तिवाद साधा होता. उकळीला आलेल्या पाण्याला किंचित आणखी उष्णता मिळताच त्याची वाफ होत असती, तर प्रत्येक भांड्यातले सगळे पाणी एका क्षणात स्फोटासारखे उडाले असते. तसे होत नाही. पाणी सावकाश आटते. या सावकाशीतच तो आकडा दडलेला आहे. आपल्याकडे बासुंदी आटवणाऱ्या प्रत्येकाचा हात ही सावकाशी ओळखतो. ब्लॅकने ती मोजली.

आता सौंदर्याकडे येऊ. पाण्याची वाफ व्हायला ते उकळलेच पाहिजे असे नाही. दोरीवरचा ओला टॉवेल तीस अंशांतही वाळतो. तेव्हा लागणारी उष्णता थोडी जास्तच असते, ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी. खाली आच नाही, तर ही उष्णता येते कुठून? उडून जाणारे पाणी ती मागे राहिलेल्या पाण्याकडून आणि आसपासच्या हवेकडून काढून घेते. माठाची सारी कला या एका उत्तरात आहे.

कुंभार मातीत भुसा किंवा लीद मिसळतो. भट्टीत ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. त्या छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगावर पाझरते आणि वाऱ्याने उडते. हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. पंधरा लिटरचा माठ 38 अंशांच्या पाण्याने भरला आणि ते 26 अंशांवर आणायचे आहे. पंधरा लिटर पाणी बारा अंशांनी उतरवायचे म्हणजे 180 किलोकॅलरी बाहेर काढायच्या. एक लिटर पाणी उडाले की 580 किलोकॅलरी जातात, म्हणजे इथे सुमारे 300 मिलिलिटर पुरते. दीड पेला पाणी हवेत सोडायचे आणि पंधरा लिटर गार करून घ्यायचे. भर दुपारी बाहेरची ऊब सारखी आत शिरत असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त उडते. तरीही सौदा विलक्षण आहे. आकडा लहान असता, समजा 50 कॅलरी असता, तर तेवढ्याच गारव्यासाठी साडेतीन लिटरांहून जास्त पाणी गमवावे लागले असते, आणि माठ ही वस्तू कोणाला सुचलीच नसती.

रचनेत किती कमी वापरले आहे हेही पाहण्यासारखे आहे. फिरणारा भाग नाही, तार नाही, बटण नाही. गारव्याची यंत्रणा म्हणजे ज्यांत काहीच नाही अशी छिद्रे. म्हणून माठाला बाहेरून तैलरंग दिला की तो शोभेचा होतो आणि पाणी कोमट राहते. बोअरचे जड पाणी वर्षभर भरले की छिद्रांत क्षार बसतात आणि जुना माठ मंदावतो. दर उन्हाळ्यात नवा माठ आणण्याची पद्धत या अनुभवातून आली आहे. स्टीलच्या घागरीला कितीही सावलीत ठेवा, तिच्याकडून हे काम होत नाही, कारण तिच्यात पाझरायला वाटच नाही.

माठाला हवा कशी हवी हेही ठरलेले आहे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 42 वर असतो आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत बाष्पीभवनाने गाठता येणारी खालची मर्यादा साधारण 24 अंश येते. मुंबईत त्याच दिवसांत पारा 33 असला तरी आर्द्रता सत्तर टक्के असेल, तर ही मर्यादा 28 अंशांच्या वर राहते. म्हणजे धर्मापुरीच्या हवेत पाण्याला उतरायला अठरा अंशांची जागा मिळते, तर मुंबईत जेमतेम पाच अंशांची. माठ त्या मर्यादेला टेकत नाही, काही अंश वरच थांबतो. पण ज्या कोरड्या हवेने इथली पिके करपतात, त्याच हवेने इथला माठ मुंबईच्या माठापेक्षा जास्त काम करतो.

कूलर हा माठाचाच विस्तार आहे. त्यात मोटर पाणी वर चढवते, ते गवतावरून किंवा जाळीदार कागदी पॅडवरून खाली झिरपते, आणि पंखा बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या भिंतीतून आत ओढतो. माठात पाणी गार करायचे असते, इथे हवा. तत्त्व तेच, वेग मात्र फार मोठा. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर हवेतून जवळजवळ 2900 किलोकॅलरी काढून घेतो. एक टनाचा एसी तासाला सुमारे 3000 किलोकॅलरी काढतो. ‘टन’ हे मापही याच कुळातले आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात काढणारे यंत्र एक टनाचे. बर्फ वितळताना ग्रॅममागे 80 कॅलरी घेतो, आणि पाणी उडताना त्याच्या सातपट. अमेरिकेत खोल्या गार करायला बर्फाच्या लाद्या वापरत होते, त्यापेक्षा आपले वाळ्याचे ओले पडदे ग्रॅमच्या हिशेबात कितीतरी सरस होते.

कूलर नीट वाचला नाही की तो फसवतो. दारे-खिडक्या लावून कूलर चालवणारे घर तासाभरात दमट होते, कारण उडालेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. हवा भरली की नवे पाणी उडत नाही, आणि पंखा नुसता ओलावा फिरवत राहतो. समोरची खिडकी उघडी ठेवायची ती यासाठी. जुलैत पाऊस लागला की कूलर का रुसतो, याचेही कारण हेच आहे. आणि त्याचा मोठा दोष म्हणजे तहान. दिवसाला दहा तास चालला तर पन्नास लिटर पाणी जाते. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा आकडा विसरून चालत नाही.

आता कुकर. माठ आणि कूलर पाण्याला उडून जाऊ देतात. कुकर त्याला अडवतो. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजत घातली की आच कितीही मोठी करा, पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही. जास्तीची उष्णता 540 च्या दराने वाफ होऊन निघून जाते. डाळ लवकर शिजत नाही, पाणी मात्र लवकर आटते. महाबळेश्वरला तर उंचीमुळे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण 95-96 अंशांवरच उकळते आणि डाळ आणखी रेंगाळते. उकळण्याचा अंश हवेच्या दाबावर ठरतो, तर दाबच वाढवावा, ही कुकरची कल्पना. बाहेरच्या दाबाच्या जवळपास दुप्पट दाब आत झाला की पाणी 120 अंशांपर्यंत द्रवच राहते. वीस अंश जास्त मिळाले, आणि तेवढ्याने तासाचे काम वीस-पंचवीस मिनिटांत येते.

डेनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे बंद भांडे दाखवले. हाडेसुद्धा मऊ करणारे हे भांडे फुटू नये म्हणून त्याने त्याला वजनाने दाबलेली झडप बसवली. 1682 च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या काही सदस्यांनी त्या भांड्यात शिजवलेले जेवण घेतले, आणि त्यांच्यातल्या जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद ठेवली. आज आपण जिला शिट्टी म्हणतो ती त्या झडपेचीच नात. तिचे गणित देखणे आहे. शिट्टीखालच्या भोकाचा व्यास 3 मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ 0.07 चौरस सेंटिमीटर भरते. चौरस सेंटिमीटरला एक किलोचा जादा दाब रोखायला तिथे 70 ग्रॅम वजन पुरते. दाब त्याच्या पुढे गेला की वजन उचलले जाते, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन पुन्हा बसते. दाब ओळखणारा, तोलणारा आणि कळवणारा धातूचा एकच तुकडा. याहून कमी शब्दांत हे सांगता येईल असे वाटत नाही.

शिट्टी ऐकताना आपण ‘झाले’ असे म्हणतो. खरे तर पहिली शिट्टी सांगते की आता आच कमी करा. आत 120 अंश झालेच आहेत, पुढची मोठी आच फक्त वाफ बाहेर फेकण्यात आणि गॅस संपवण्यात जाते. झाकणावरचा दुसरा छोटा व्हॉल्व्हही वाचावा. त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा तुकडा असतो. कुकरमध्ये पाणी आहे तोवर वाफ होण्यात उष्णता खर्च होते आणि तापमान आवाक्यात राहते. पाणी संपले की ते एकदम चढते, तुकडा वितळतो आणि वाफेला वाट मिळते. कुकरच्या सुरक्षिततेचा खरा जामीन म्हणजे आतले पाणी. त्यात पाणी घालायला विसरू नये, असे आजी बजावते तेव्हा ती या व्हॉल्व्हचेच वाचन करत असते.

फ्रीज या चौघांत सर्वांत लबाड. त्यातही द्रवच उडतो आणि उडताना उष्णता काढून घेतो, पण तो द्रव पाणी नसतो. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. हवेच्या साध्या दाबाला तो उणे 12 अंशांच्या आसपास उकळतो. आतल्या नळ्यांत तो उडतो आणि दूध-भाजीची उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत त्याचा पुन्हा द्रव होतो, आणि घेतलेली उष्णता तो खोलीत सोडतो. फ्रीजची बाजू हाताला गरम लागते ती यामुळे. उन्हाळ्यात फ्रीजचे दार उघडे ठेवून खोली गार करू पाहणारा माणूस खोली तापवतच असतो, कारण आतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरला लागलेली वीज, दोन्ही अखेर त्याच खोलीत येतात. जेकब पर्किन्सने 1834 मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले, आणि भारतीय कंपन्यांत घरगुती फ्रीज बनवण्याची सुरुवात गोदरेजने 1958 मध्ये केली. माठाचा द्रव हवेत जातो आणि परत येत नाही. फ्रीजचा द्रव तोच तो फिरत राहतो. म्हणून फ्रीज पाणी पीत नाही, पावसाळ्यात रुसत नाही, मुंबईतही तसाच चालतो. तो पितो ती वीज.

आणि वीज कुठून येते, हे धर्मापुरीला फार दूर जाऊन पाहावे लागत नाही. परळीला औष्णिक विद्युत केंद्र आहे. 1971 मध्ये 30 मेगावॅटच्या संचापासून सुरू झालेल्या या केंद्रात पुढे 210 आणि 250 मेगावॅटचे संच आले. त्याचे काम घरातल्या कुकरशी ताडून पाहावे. कोळशावर पाणी तापवायचे, पण दाब हवेच्या दाबाच्या दीडशे पटींच्या घरात, आणि वाफ सुमारे 540 अंशांची. हा आकडा आपल्या 540 शी जुळतो तो निव्वळ योगायोगाने. ही वाफ टर्बाइन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरवते. तिथे तिचे काम संपले तरी तिच्या पोटातला अप्रकट उष्मा शिल्लकच असतो. तो काढून घेतल्याशिवाय तिचे पाणी होत नाही, आणि पाणी झाल्याशिवाय ती पुन्हा बॉयलरमध्ये जात नाही. वापरलेली वाफ वेगळ्या पात्रात गार करण्याची ही युक्ती जेम्स वॅटला 1765 मध्ये सुचली. तो ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करायचा आणि ब्लॅकशी त्याची ऊठबस होती.

काढून घेतलेला हा उष्मा टाकायचा कुठे? परळीचे ते उंच, कमरेत निमुळते कूलिंग टॉवर त्यासाठी आहेत. त्यांच्या आत पाणी पसरून खाली पडते, वर चढणारी हवा त्यातले थोडे उडवून नेते आणि उरलेले गार होते. म्हणजे एवढ्या अजस्र यंत्राच्या शेवटी पुन्हा माठच बसलेला आहे. केंद्र सरकारने 2015 मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार, तेव्हा चालू असलेल्या कोळशाच्या केंद्रांनी एका युनिटमागे 3.5 लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. 2013 च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा वीज तयार करायला पाणी का लागते, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर दहावीच्या धड्यात होते.

आता हिशेब पुरा करता येतो. पंधरा लिटर पाणी बारा अंशांनी गार करायला माठाला 300 मिलिलिटर पाणी लागले होते. तेच पाणी फ्रीजमध्ये ठेवले तर? काढायची उष्णता तीच 180 किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे 0.21 युनिट. फ्रीज एक युनिट वीज घेऊन आतली दोन युनिटांएवढी उष्णता काढतो असे धरले तर 0.1 युनिट वीज लागेल. ती कोळशाच्या केंद्रातून आली असेल तर 3.5 लिटरच्या मर्यादेने तिच्यामागे 350 मिलिलिटरपर्यंत पाणी गेले. दीड पेला इथे, फार तर पावणेदोन पेले तिथे. कोळसा आणि कॉम्प्रेसरची झीज वेगळी. शंभर अंशांपुढे पाय न टाकणारा पारा, दीड पेल्यात भागणारा माठ आणि परळीचे टॉवर यांना एकच दर लागू आहे, आणि तो कोणाला सवलत देत नाही.

चौघांत श्रेष्ठ कोण, हे समीक्षकाने सांगावे अशी अपेक्षा असते. नेमकेपणात कुकरला तोड नाही, कारण सत्तर ग्रॅमच्या वजनात त्याने सारे बसवले. कष्टाने जगणाऱ्या कोरड्या मुलखात माठ मोठा, कारण त्याने त्या मुलखाच्या कोरडेपणालाच कामाला लावले. कूलर उधळा आहे, फ्रीज हिशेब लपवणारा. सोलर पॅनेल किंवा पवनचक्कीची वीज असेल तर फ्रीजवरचा हा ठपका बराच हलका होतो, हेही नोंदवले पाहिजे. दुष्काळी भागासाठी मात्र प्रश्न असा उरतो की गारव्याचे पाणी आपल्या अंगणातून जावे की परळीच्या केंद्राला पाणी पुरवणाऱ्या गोदावरीच्या बंधाऱ्यातून. धर्मापुरीच्या घरात मे महिन्यातले पिण्याचे पाणी माठात ठेवावे आणि दूध, दही, औषधे फ्रीजमध्ये, हे माझे मत आहे. त्यात जुन्याचे कौतुक करायचा हेतू नाही. माठाला काही दिले की ते आपल्याला दिसते, कारण सकाळी तो पुन्हा भरावा लागतो. जी वस्तू आपला खर्च रोज आपल्यासमोर मांडते, ती दुष्काळाच्या मुलखात जास्त कामाची.